५५० विरुद्ध शून्य: मिशिगनच्या १९०१ च्या मोसमाचं इतकं कौतुक कशाला?

तिरकस:
मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ, १९०१. ११ सामने, ११ विजय, ५५० गुण केले, दिले शून्य. कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की हा आकडा तोंडावर फेकला जातो. आता फोड बघा. बफेलो १२८, बेलॉइट ८९, केस ५७, आल्बियन ५०. या चार लिंबूटिंबू संघांविरुद्धच ३२४ गुण, म्हणजे निम्म्याहून जास्त! त्याच वर्षी हार्वर्डने १२ पैकी १२ सामने जिंकले, वर येलला २२-० ने लोळवलं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या तेव्हाच्या बड्या संघांपैकी एकाशीही मिशिगन खेळलं नाही. मग सर्वोत्तम कशावरून?

ॲनआर्बरकर:
साफ असहमत. बफेलोला लिंबूटिंबू समजू नका, त्याच मोसमात त्यांनी कोलंबिया विद्यापीठाला हरवलं होतं. आणि ते चार सामने वगळा हवं तर. शिकागो २२-०, ओहायो स्टेट २१-०, आयोवा ५०-०. हेही लिंबूटिंबू?
गुण कसे मिळायचे तेही बघा. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, ५ गुण. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणं, १९०६ पर्यंत नियमातच नव्हता. चेंडू आपल्याकडे ठेवायचा तर तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जायचं, तेही समोरच्या गर्दीत मुंडी घालून. मला ५५० पेक्षा शून्याचं अप्रूप जास्त आहे. अकरा संघांपैकी एकालाही साधा फील्ड गोल (लाथेने खांबांमधून चेंडू घालणं) मारता आला नाही.

मधुरा_जे:
+१. प्रशिक्षक फील्डिंग योस्टचं त्या संघावरचं पहिलंच वर्ष होतं. 'हरी अप' (घाई करा) हे त्याचं टोपणनाव उगाच पडलं नाही. एक डाव संपून पोरं जमिनीवरून उठतात न उठतात तोच पुढचा सुरू. समोरचे अजून आपापल्या जागा शोधताहेत, तोवर चेंडू निघालेला. दमवून मारायचं, हे त्याचं तंत्र.

तिरकस:
योस्टचं नाव काढलंत ते बरं केलंत. १ जानेवारी १९०२ ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात पहिला रोझ बोल, म्हणजे मोसमाअखेरचा खास सामना, झाला. मिशिगन ४९, स्टॅनफर्ड ०. योस्ट १९०० मध्ये कुठे होता? स्टॅनफर्डचाच प्रशिक्षक! समोरच्या घराच्या खाचाखोचा त्याला पाठ. शिवाय मिशिगनचा विली हेस्टन हा हुकमी गडी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा. तिथे योस्टशी ओळख झाली आणि हेस्टनसाहेब त्याच्यामागोमाग मिशिगनला दाखल. पुढच्या काळात असं केलं असतं तर चौकशी बसली असती.

ॲनआर्बरकर:
चौकशी पुढच्या काळातल्या नियमांनी, खेळ तेव्हाच्या? वा! आणि खाचाखोचा माहीत असल्या म्हणून मिशिगनच्या नील स्नोचे पाच टचडाउन आपोआप होत नाहीत. मिशिगनने त्या दिवशी एकही बदली खेळाडू उतरवला नाही. तेच अकरा जण, कॅलिफोर्नियाच्या उन्हात.

सदू_वाचनमात्र:
एरवी नुसता वाचतो, पण त्या सामन्याचा शेवट दोघांनीही सोयीस्करपणे गाळलाय. आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डच्या कर्णधाराने खेळ थांबवायची विनंती केली. त्यांचा एक गडी पाय मोडलेला असतानाही बराच वेळ खेळत राहिला होता. आयोजकांनी त्यानंतर थेट १९१६ पर्यंत तिथे फुटबॉल ठेवला नाही. मधली काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती! तुम्ही सर्वोत्तम कोण म्हणून भांडताय. मला तर तो मोसम धोक्याची घंटा वाटतो. १९०५ मध्ये मैदानावरच्या मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं, तेव्हा कुठे नियम बदलले.

मधुरा_जे:
सदूभाऊ, घंटा अख्ख्या खेळासाठी होती. पाय काय हार्वर्डच्या सामन्यांत मोडत नव्हते?

तिरकस:
सदूभाऊंचा मुद्दा मान्य, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. माझा प्रश्न तसाच आहे. हार्वर्डशी न खेळता पहिला नंबर कसा? तेव्हाही काहींनी हार्वर्डलाच पहिलं ठरवलं होतं.

ॲनआर्बरकर:
हार्वर्ड तरी मिशिगनशी कुठे खेळलं? एकच वर्ष बघून तुक्का म्हणत असाल तर पुढची चार वर्षंही बघा. १९०३ ला मिनेसोटाशी ६-६ बरोबरी सोडली तर योस्टचा संघ हरला तो थेट १९०५ च्या शेवटच्या सामन्यात. शिकागोकडून, २-० ने. शिकागोला तेवढ्यासाठी पाच मोसम लागले.