रात्रभर लाइट चालू असल्यानं गायी उलटतात (गाभण राहत नाहीत) का?

मंडळी, नमस्कार. मी जुन्नरकडचा, पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आहेत. दिवाळीच्या सुमारास वस्तीवर बिबट्या फिरायला लागला, तेव्हापासून गोठ्यातले एलईडी रात्रभर चालू ठेवतो. त्यानंतर दोन गायी तीन-तीनदा भरवूनही (रेतन करूनही) उलटल्या. तिसरीचा माज मुकाच, म्हणजे बाहेरून लक्षणं दिसत नाहीत. शेपटीला रक्त दिसलं की कळतं, येऊन गेली. डॉक्टरांनी पिशवी (गर्भाशय) तपासली, साफ आहे. खनिज मिश्रणही चालू आहे.

मुलगी बीएस्सीला आहे. ती म्हणते, शरीरात घड्याळाची जनुकं असतात. क्लॉक आणि बीमॅल-१ ही दोन जनुकं पेर आणि क्राय या दुसऱ्या जनुकांना चालू करतात. पेर-क्रायची प्रथिनं साठली की ती उलट त्या दोघांनाच दाबतात. हा फेरा साधारण 24 तासांचा. (2017 चं नोबेल या घड्याळाच्या शोधालाच, तेही फळमाशीवरच्या!) हे घड्याळ मेंदूत असतं तसं बीजांडकोशातही असतं, आणि बीमॅल-१ काढून टाकलेल्या उंदरिणींना प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) कमी पडून गर्भ रुजत नाही. ऐकल्यापासून माझा संशय त्या दिव्यांवरच.

उजेडानं गायीचं घड्याळ बिघडतं का? आणि लाइट बंद केला तर बिबट्याचं काय करू?

प्रतिसाद: दादा, त्या उंदरिणींचं जनुकच काढलेलं होतं, तुमच्या गायींचं शाबूत आहे. दिव्यानं घड्याळ पुढेमागे सरकेल, जनुक काही जात नाही. शिवाय म्हशीइतकी गाय ऋतूवर अवलंबून नसते. दुभत्या गायीला 16 तास उजेड दिला तर दूध वाढतं, पण उरलेले 8 तास अंधार हवाच. तेव्हा लाइट बंद कराच, गोठ्याला वरपासून खालपर्यंत जाळी मारून घ्या. पण उलटण्याचं खापर एवढ्यात दिव्यांवर नको. भरवता कधी? माज 12 ते 18 तास टिकतो, बीज सुटतं ते माज संपल्यावर 10-12 तासांनी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे धारेच्या आधी गोठ्यात एक चक्कर मारा, मुका माज तेव्हाच सापडतो.

धागाकर्ता: आमच्याकडे भरवणारा सकाळी दहालाच येतो, माज कधीही दिसो. पहाटे दिसला तरी दहाला, आदल्या दुपारी दिसला तरी दहालाच! संध्याकाळी येणारं कुणी मिळतंय का बघतो. जाळीला किती खर्च येतो, कुणी नुकती मारली असेल तर सांगा.