न्यूट मेल्यावर त्याच्या विषाचा त्याला काय उपयोग?

सायली_के
सहउत्क्रांतीबद्दल, म्हणजे दोन जीव एकमेकांमुळे बदलत जातात त्याबद्दल, वाचताना एका ठिकाणी घोडं अडलंय. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यूट नावाचा शेपटीवाला उभयचर असतो. त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, पफरफिशमधलं तेच विष. गार्टर साप त्याला खातात. न्यूट जास्त विषारी होत गेला तसा सापही त्या विषाला जास्त चिवट होत गेला, असं सांगतात. सापाचं पटलं. पण न्यूट तर गिळला गेला! मग साप जगो की मरो, त्याचा वंश कसा वाढणार?

अवलिया
एक साप मेला की आसपासची भावंडं वाचत असतील.

रानभूल
भावंडांपर्यंत जायलाच नको. सायली, नेमक्या जागी बोट ठेवलंत. साप न्यूटला पकडून बराच वेळ तोंडात धरून ठेवतो. विष झेपेनासं वाटलं तर अर्धवट गिळलेला न्यूटही सोडून देतो, आणि तो न्यूट चक्क जिवंत चालू लागतो! कमी विषाचा असेल तो पोटात जातो. म्हणजे निवड न्यूट जिवंत असतानाच होते.

आता सापाकडे या. हे विष नसा आणि स्नायूंमधल्या सोडियम वाहिन्या, म्हणजे संदेश पुढे जाण्यासाठी पेशीत सोडियम सोडणारी प्रथिनांची दारं, बंद करतं. चिवट सापांच्या स्नायूंत त्या वाहिनीची मोजकीच अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) बदललेली असतात, त्यामुळे विषाची पकड ढिली पडते. याची किंमतही मोजावी लागते: जास्त चिवट साप सरपटायला मंद असतात.

मला स्वतःला यातला भूगोल फार मोलाचा वाटतो. ऑरेगनमधले न्यूट भयंकर विषारी, तर व्हँकुव्हर बेटावरचे जवळपास बिनविषारी, आणि तिथल्या सापांतही प्रतिकार नगण्य. त्यामुळे ‘न्यूट आणि साप’ असं सरसकट बोलूच नये, कुठले न्यूट आणि कुठले साप ते आधी विचारावं.

निळावंती
सहमत. आणि दोन जीव एकमेकांना साजेसे दिसले की लगेच सहउत्क्रांती म्हणायची घाई नको. परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झनने 1980 मध्येच बजावलं होतं: बदल दोन्हीकडे, एकमेकांमुळे झालेला असावा लागतो.

सायली_के
तोंडातून सुटका होते हे माहीतच नव्हतं, आभार! मग ही चढाओढ कुणी जिंकतं का?

रानभूल
काही ठिकाणी साप जिंकलेत. कॅलिफोर्नियाच्या काही भागांत ते इतके चिवट आहेत की तिथला सर्वांत विषारी न्यूटही ते पचवतात. तिथे विष वाढवून न्यूटला या सापापुरता फायदा उरलेला नाही. बाकीच्या बहुतेक भक्षकांना मात्र तेच विष अजून पुरून उरतं.