मदत हवी आहे: बर्फ काढायच्या ट्रॅक्टरला कुठले टायर?

राम राम मंडळी,

मी न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूज शहराच्या दक्षिणेला टेकड्यांच्या भागात राहतो. लेक ऑन्टारिओवरून वारा सुटला की इकडे बर्फ अक्षरशः ओतला जातो. सिरॅक्यूजची वर्षाची सरासरीच 120 इंचांच्या वर आहे. घर रस्त्यापासून बरंच आत आहे. ड्राइव्हवे बराचसा खडीचा, पण रस्त्याला लागतानाचा शेवटचा चढ डांबरी आणि झाडांच्या सावलीतला. तिथलं काळं बर्फ, म्हणजे डांबराला चिकटलेला निसरडा पारदर्शक थर, दुपारीसुद्धा वितळत नाही.

ट्रॅक्टर 25 एचपीचा, छोटा, फोर व्हील ड्राइव्ह, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा, गिअर बदलत बसावं न लागणारा). पुढे लोडर (उचलणारे हात) आणि बकेट, मागे ब्लेड. टायर आर-4, म्हणजे ते रुंद, जाड नक्षीचे इंडस्ट्रियल. उन्हाळ्यात माती-खडी ओढायला झकास. बर्फात मात्र बकेट भरली की मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि नक्षीत बर्फ असा गच्च बसतो की टायर गुळगुळीत होऊन जातो.

डीलर म्हणतो आर-1 घ्या, शेतातले असतात तसे. शेजारचे आजोबा म्हणतात आर-3, हिरवळीवरचे टर्फ टायर, बर्फाला तेच बरे. मला हे उलटंच वाटतं. इतक्या बारीक नक्षीचा टायर बर्फाला काय धरणार? आणि गावी सांगलीकडे मागच्या चाकात पाणी भरून वजन वाढवतात, तसं इथे करता येईल का? टायर बदलायचा खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतोय.

---

खडीवाला (व्हरमाँट)

साधं पाणी चुकूनही भरू नका! उणे वीसला टायरात दगड होऊन बसेल. कल्पना मात्र बरोबर आहे, तुमचा अर्धा प्रश्न वजनाचाच आहे. लोडर भरला की भार पुढच्या एक्सलवर जातो आणि मागचं हलकं होतं. मग मागे कुठलाही टायर घाला, तो फिरणारच.

इकडे तीन गोष्टी भरतात. कॅल्शियम क्लोराईडचं पाणी, जड आणि स्वस्त, पण गळालं तर रिम खाऊन टाकतं. गाडीच्या काचा धुवायचं निळं पाणी, उणे 20 फॅरनहाइटवालं, स्वस्त पण हलकं. आणि बीटाचा रस. हसू नका, साखर कारखान्यातून उरणाऱ्या बीटाच्या मळीपासून करतात. लिटरला सुमारे 1.3 किलो भरतं, गंजवत नाही, गोठत नाही. व्हॉल्व चाकाच्या वरच्या टोकाला आणून तिथपर्यंत भरायचं, म्हणजे साधारण पाऊण टायर. वरची हवा राहू द्यायची.

हे करा आणि मग टायरचं बघा.

---

मी_फिनलंडकर

आजोबा बरोबर आहेत, डीलर अर्धाच बरोबर. बर्फ म्हणजे एकच गोष्ट नव्हे.

ताजा, खोल, भुसभुशीत बर्फ असेल तर आर-1 तो कापत खाली जातो आणि जमीन पकडतो, कारण त्याच्या तिरक्या पट्ट्या उंच आणि एकमेकींपासून दूर असतात. पण दाबून कडक झालेल्या बर्फावर त्याच्या जेमतेम दोन-तीन पट्ट्या टेकतात. तिथे टर्फ टायर जिंकतो, कारण त्याला बारीक कडा पुष्कळ आणि टेकणारी जागाही मोठी. बर्फाला धरतात त्या कडा, नक्षी किती खोल आहे ते नाही. आर-4 ला ना खोली, ना कडा. काँक्रीटवर टिकण्यासाठी केलेला टायर आहे तो.

इकडे रस्ते साफ करणारे कंत्राटदार ट्रॅक्टरला ठोकळ्या-ठोकळ्यांची नक्षी असलेले खास हिवाळी टायर घालतात, त्यांना खिळेही मारतात. नोकियनचे बरेच दिसतात. 1934 साली पहिला हिवाळी टायर त्यांनीच काढला, तोही ट्रकसाठी. पण तुमच्या आकाराच्या ट्रॅक्टरला ते मिळणं कठीण, आणि मिळाले तरी किंमत ऐकून घाम फुटेल.

काळ्या बर्फावर मात्र आर-1, 3, 4 सगळे सारखेच नापास. तिथे टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या.

---

पाटील_बुवा (सातारा)

मला बर्फाचं काही कळत नाही, पण ट्रॅक्टरचं सांगतो. फोर व्हीलमध्ये पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित जास्त धावतं, तसंच गिअरचं गणित बसवलेलं असतं. नुसते मागचे टायर बदलले आणि घेर वेगळा निघाला, तर पुढचा एक्सल ताणात येऊन गिअरबॉक्सचं वाटोळं होईल. बदलायचे तर चारही, आणि कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या जोडीतलेच. आर-4 चे रिम आर-1 ला बहुधा बसतही नाहीत, म्हणजे रिमसकट खर्च. डीलर हे सांगणार नाही.

बाकी आपल्या बीकेटीचे टायर तिकडे मिळतात म्हणे, मुंबईची कंपनी आणि वाळूजला कारखाना. जमलं तर बघा :)

---

खडीवाला (व्हरमाँट)

बुवांना +1. साखळ्यांबद्दल एक. सर्वात स्वस्त साखळी शिडीसारखी असते, आडव्या पायऱ्यांची. ती टर्फ टायरवर चालते. आर-1 आणि आर-4 वर पायऱ्या नक्षीच्या खाचेत जाऊन बसतात आणि उपयोग शून्य. तुम्हाला चौकटी किंवा हिऱ्याच्या आकारात विणलेली लागेल. महाग आहे, पण चार टायर-रिमच्या पुढे काहीच नाही. बसवल्यावर थोडं फिरवून पुन्हा ताणायची. डांबरावर जोरात चाक फिरवलंत तर चरे पडणार, ते धरून चाला.

आणि त्या चढावर एक गोष्ट कटाक्षाने. या छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेली बकेट घेऊन टू व्हीलमध्ये उतरलात तर हलकी मागची चाकं घसरगुंडी करतात आणि ब्रेक दाबून काही होत नाही. उतरताना फोर व्हील लावलेलंच हवं, बकेट जमिनीलगत, रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान) उभा आणि पट्टा लावलेला. डिफ-लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप, सरळ जातानाच, वळताना नाही.

---

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. पाटील बुवा, गिअरच्या गणिताची कल्पनाच नव्हती, डीलरने एक अक्षर काढलं नाही. तर आता आर-4 तेच ठेवतो, मागे बीटाचा रस भरून घेतो आणि मागच्या चाकांना हिऱ्याच्या साखळ्या. टर्फ टायर जुन्या बाजारात रिमसकट चारही मिळाले तरच.

एक शंका उरली. मागचा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माझी बोटं जेमतेम जातात. साखळी घासेल का?

---

खडीवाला (व्हरमाँट)

घासेलच. नुसतं वर बघू नका, आतल्या बाजूला लोडरची फ्रेम आणि मागे लिफ्टचे हात किती लांब आहेत तेही मोजा. जागा कमी असेल तर चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसर टाकून चाकं बाहेर घेता येतात, चढावर स्थिरताही वाढते. ट्रॅक्टर जितका रुंद तितकी ब्लेड लागते, तेवढं ध्यानात ठेवा, नाहीतर साफ केलेल्या पट्ट्याबाहेर तुमचंच चाक चालेल. टायरच्या बाजूवरच्या आकड्यांचा फोटो टाका, साखळीचं माप सांगतो.