अनुभव धागा: अंग हलवून शिकवण्याच्या रीती (नाशिककरांनो, मापांसकट लिहा)

धागाकर्ती, गंगापूर रोड

बसून न कळलेली गोष्ट चालून, उडी मारून, हात फिरवून कळते हे शिकवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते नेमकं कसं करायचं इथे. म्हणून सामान, मापं, क्रम आणि कुठे बिघडतं ते लिहा. सुरुवात संख्यारेषेपासून करते.

ओट्यावरची शहाबादी फरशी आयती संख्यारेषा वाटते, पण दोन फुटांची फरशी पहिलीच्या मुलाला एका उडीत झेपत नाही. सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि आकडा सुटतो. एकेका फुटावर रेघ मारा, 0 ते 20. आकडा रेघेवरच लिहा, मधल्या चौकोनात नको. खडूची भुकटी पायाखाली घसरते. गेरू कालवून ब्रशने ओढलेली रेघ बरी. पाय अनवाणी हवेत.

हमखास होणारी चूक: 3 + 4 करताना मूल 3 वर उभं असतानाच ‘एक’ म्हणतं आणि 6 वर पोचतं. उभ्या जागेला ‘घर’ म्हणा. घर मोजायचं नाही, पाय टेकला की मोजायचं. वजाबाकीला तोंड न वळवता मागे उड्या घ्यायच्या. वळलं की मुलाला आपण पुन्हा पुढेच चाललोय असं वाटतं. जमिनीवर जमलं की त्याच दिवशी तीच रेघ वहीत काढून बोट चालवून घ्या. एवढं राहिलं तर बेरीज ओट्यावरच राहते.

बालवाडीताई, पंचवटी

अक्षरांसाठी जुनी धूळपाटीच घ्या. गडद रंगाचा ट्रे, चाळलेली कोरडी वाळू, थर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. थर जाड झाला की कडा ढासळतात, रेघ बुजते. रवा वापरू नका, मुंग्या येतात.

पण धूळपाटी तिसरी पायरी. आधी अंगणात तीन फुटी अक्षर काढून त्यावरून चालायचं, मग हवेत खांद्यापासून हात फिरवायचा, मग धूळपाटी, मग पाटी-पेन्सिल. हवेत गिरवताना मुलांकडे पाठ करून उभं राहा. समोरासमोर उभं राहिलात तर तुमचं अक्षर त्यांना उलटं दिसतं.

घ-ध आणि म-भ या जोड्यांवर जास्त वेळ द्या. ध आणि भ यांची शिरोरेषा मध्ये तुटते. तिथे चालताना थांबून टाळी वाजवायची आणि पुढे पाऊल टाकायचं. घ आणि म ला टाळी नाही. पुढे वहीत चुकलं तर खोडरबर देण्याआधी ‘टाळी कुठे?’ एवढंच विचारा.

तबला शिकवणारा, नाशिकरोड

ताल पायात बसला की हातात लवकर येतो. तीनतालाच्या 16 मात्रा म्हणजे 16 पावलं, सेकंदाला एक. 1, 5, 13 ला टाळी, 9 ला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता दाखवायची मात्रा. उजव्या पायाने समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, निघालं की चारही विभाग उजव्याच पायावर सुरू होतात, म्हणून नवशिक्याला हाच ताल द्यावा. झपतालात खाली सहाव्या मात्रेवर, म्हणजे डाव्या पायावर येते; तिथे पाऊल अडखळतं. रूपक सात मात्रांचा असल्यामुळे दुसऱ्या आवर्तनाची सम पाय बदलते. हे आधी सांगा, नाहीतर शिकणारा आपलंच चुकलं समजून एक मात्रा खातो.

खालीला हात नुसता बाहेर उलटायचा, आवाज नको. बहुतेकांची लय तिथेच पळते, कारण टाळी नाही म्हटल्यावर ती मात्रा रिकामी वाटते. बोल तोंडाने चालू ठेवले की थांबते.

इंदिरानगर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट

ताईंच्या क्रमाला दुजोरा. लिहायच्या आधी भिंतीला तळहात टेकून दहा दाब आणि पाण्याची बादली घेऊन दोन इंची ब्रशने भिंत ‘रंगवणं’, पाच मिनिटं. पळापळीचे खेळ लगेच आधी नकोत, हात स्थिर व्हायला वेळ जातो.

एक कळकळीची विनंती: विरुद्ध हात-गुडघा लावल्याने डावा-उजवा मेंदू जोडला जाऊन वाचन सुधारतं, असं सांगून व्यायाम विकले जातात. याला भक्कम पुरावा नाही. व्यायाम म्हणून जरूर करा, वाचनाचा वेळ कापून नको.

भूगोल, सिडको

गोदावरी 1465 किलोमीटर. एक सेंटीमीटरला एक किलोमीटर धरला तर 14 मीटर 65 सेंटीमीटर सुतळी. ती मैदानावर पश्चिमेकडून पूर्वेकडे अंथरा, सकाळी, म्हणजे मुलं उन्हाकडे तोंड करून चालतील. पहिलं टोक त्र्यंबकेश्वर. नाशिकची खूण जेमतेम फूटभर अंतरावर येते. 6 मीटर 68 सेंटीमीटरवर लाल चिंधी बांधा, तिथे महाराष्ट्र संपतो. आपली नदी म्हणतो ती निम्म्याहून जास्त राज्याबाहेर वाहते, हे पायांनाच कळतं. पावलं मोजून अंतर काढू नका, प्रत्येकाचं पाऊल वेगळं. सुतळी भिजू देऊ नका, आखडते.

द्राक्षबाग, दिंडोरी

नवीन माणसाला छाटणी वेलावर शिकवू नये. आधीच्या छाटणीच्या वीस-पंचवीस काड्या बांधावर घेऊन बसवावं. डाव्या अंगठ्याने डोळा, म्हणजे काडीवरचा फुटीचा कोंब, चाचपायचा, तोंडाने ‘डोळा’ म्हणायचं, मग त्याच्या वर अर्धा इंच सोडून काप. बोलल्याशिवाय कात्री मिटायची नाही, कारण घाईत नजर कात्रीवर राहते आणि डोळाच कापला जातो. कात्रीचं पातं ठेवायच्या भागाकडे, जाड आकडा टाकायच्या तुकड्याकडे. उलट धरली की ठेवायची काडी चेंगरते.

पहिल्या दिवशी वेग बघू नका. सगळ्या काड्या पाटीत ओळीने मांडून एकेक काप उजेडात बघा. साल सोललेली, टोक पांढुरकं फाटलेलं दिसलं तर कात्री उलटी होती. ती माणसाच्या हातात परत देऊन, न कापता, नुसती वीस वेळा धरून घ्या.