चर्चा : उजनीतल्या फायबर होडीच्या आत काय भरायचं? फोम, बाल्सा की प्लाय?

भीमाकाठ
काल इथे 'टेंभुर्णी_फायबर' यांनी लिहिलं : "१८ फुटी होडी, ४० एचपीची आउटबोर्ड. कुजलेलं सगळं काढा आणि स्ट्रिंगर, डेक, ट्रान्सम तिन्ही ठिकाणी ८० घनतेचा पीव्हीसी फोम घाला. लाकडाचं नाव काढू नका." खाली पंधरा-वीस अंगठे. नवख्यांसाठी : स्ट्रिंगर म्हणजे तळाला आतून लांबीभर दिलेल्या तुळया, डेक म्हणजे पाय ठेवायची फळी, ट्रान्सम म्हणजे मोटर टांगतात ती मागची भिंत, घनता म्हणजे घनमीटरला किलो, आणि बाल्सा हे फार हलकं लाकूड. डेकचं एक वेळ चालेल, पण ट्रान्समचा सल्ला कुणी मनावर घेतला तर मोटर तळाला जाईल, म्हणून लांब लिहितो.

हिशेब बघा. १२ मिमीचा बोल्ट, ४० मिमीचा वॉशर. भोक वजा केलं की वॉशरखाली सुमारे ११४० चौरस मिमी जागा उरते. ८० चा फोम दर चौरस मिमीला १.४ न्यूटनवर दबतो. म्हणजे एका बोल्टखाली १६०० न्यूटन, १६० किलोच्या आसपास. तोच नट ५० न्यूटन-मीटरने आवळला की बोल्टमधला ताण २०,००० न्यूटनच्या वर जातो. वरचा फायबरचा थर भार थोडा पसरवतो, पण तेरा पट नाही पसरवत. मग वॉशर खड्ड्यात बसतो, नट सैल लागतो, माणूस पाना घेऊन पुन्हा आवळतो, खड्डा आणखी खोल होतो. जेलकोटला (फायबरच्या बाहेरच्या रंगीत थराला) बोल्टभोवती गोल चिरा पडतात आणि तिथून पाणी आत शिरतं.

ट्रान्समला आयएस ७१० चा (मरीन दर्जाचा) १८ मिमी प्लाय, दोन थर, मध्ये इपॉक्सीची पुट्टी, सगळीकडून शिकंजे. बाहेरचा आणि आतला फायबर धरून जाडी ४२-४४ मिमी होते. बोल्टचं भोक आधी २२ मिमीचं पाडा, सिलिका घातलेल्या इपॉक्सीने ठासून भरा, पूर्ण वाळलं की त्यात १२.५ चं भोक पाडा. मग लाकडाला पाणी दिसतच नाही आणि दाबही त्या इपॉक्सीच्या खांबावर येतो.

टेंभुर्णी_फायबर
अंगठे मी मागितले नव्हते. ट्रान्समला ८० चा फोम लिहिणं चुकलं, मान्य. २५० घनतेचा लिहायला हवा होता. पण तुम्ही लाकडाची बाजू घेताना उजनीचं पाणी गोडं आहे हे सोयीस्कर विसरलात. कोकणातल्या होडीत खारं पाणी लाकडात मुरलं की बुरशीला जम धरू देत नाही. आपल्याकडे गोडं पाणी, वर पावसाळाभर उघड्या होडीत साचलेलं पावसाचं पाणी. कुजायला याहून चांगली जागा नाही.

कुजण्याची सुरुवात कुठून होते तेही सांगतो. स्ट्रिंगरमधून पाणी मागे वाहावं म्हणून तळाशी जे भोक पाडतात ना, तिथून. फायबर चढवून झाल्यावर ड्रिल घालतात, आतला प्लाय उघडा पडतो आणि त्याला कुणी रेझिनचा हातही लावत नाही. होडीतलं शेवटचं वाटीभर पाणी कायम त्याच भोकात उभं. दोन-तीन पावसाळ्यांत वरून ठोकलं तर स्ट्रिंगर टणक वाटतो, आणि भोकात पेचकस घातला तर मुठीपर्यंत जातो. फोमच्या स्ट्रिंगरमध्ये कुजायला काही नसतंच.

भीमाकाठ
स्ट्रिंगरला फोम नको असं मी कुठे म्हटलं? टोपीच्या आकाराच्या स्ट्रिंगरमध्ये भार फायबरच घेतो, आतलं कोअर (गाभा) फक्त साचा असतं. ७५ रुंद, १०० उंच असा फोमचा ठोकळा घ्या, खाली पुट्टीची गादी, कडांना १५ मिमीची गोलाई, वर चार थर, आणि प्रत्येक थर तळावर किमान ७५ मिमी उतरवा, पुढचा थर आधीच्याच्या थोडा बाहेर. ग्राइंडरला ४० नंबरचा पेपर लावून जुना तळ पांढरा होईपर्यंत घासा, नाहीतर वर काहीही घाला, सोलून येईल. पाण्याच्या भोकासाठी आधीच पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवून त्यावर फायबर चढवा.

आणि तुमचा २५० चा फोम. ७.२ न्यूटन धरला तरी त्याच वॉशरखाली ८२०० च होतात. बोल्टपाशी इपॉक्सीचा खांब तिथेही लागणारच.

माढा_मिस्त्री
तुम्ही आयएस ७१० म्हणताय, पण दुकानात त्या शिक्क्याखाली काय मिळतं ते बघा मालक. ३०३ चा (त्याहून हलका) प्लाय ७१० म्हणून गळ्यात मारतात. ७१० ला ७२ तास उकळायची चाचणी आहे. पूर्ण चाचणी घरी होत नाही, पण हातभर तुकडा आठ तास उकळा, मग वाळवून पुन्हा उकळा. अगदी हलक्या डिंकाचा असेल तर पापुद्रे तेवढ्यातच सुटतात. कापलेली कडही बघा. मधल्या थरात फट दिसली तर तो प्लाय घेऊ नका, पाणी त्या फटीतून नळीसारखं धावतं.

आणि उकळून टिकला म्हणजे कुजणार नाही असं नाही. उकळण्यात परीक्षा डिंकाची होते, लाकडाची नाही.

अक्कलकोट_रोड
प्लाय-फोम राहू द्या, उन्हाळ्यात काम कसं करायचं ते कुणी बोलत नाही. सोलापूरचा मे, ४२-४३ अंश. रेझिनमध्ये एक टक्का हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) टाकला की डब्यातच दगड होतो. अर्धा टक्का टाका, आरामात काम होतं. घट्ट व्हायला उशीर लागला तर कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) थोडं वाढवा, हार्डनरमध्येच ढवळून टाकलं की सारखं मिसळतं.

रेझिन_रोव्हिंग
शेवटची ओळ आधी काढा. आत्ता काढा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले की भडका उडतो, डबा फुटतो, डोळे जातात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, नीट ढवळून, त्यानंतर हार्डनर. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नका आणि दोन्हींना एकच मापही वापरू नका.

अक्कलकोट_रोड
वाक्य तसं लिहायला नको होतं. ती ओळ रद्द समजा. पण अर्धा टक्का चालतो.

रेझिन_रोव्हिंग
चालत नाही. हार्डनर कमी पडला की रेझिन घट्ट दिसतं, पण आतली साखळी अर्धवट राहते, आणि ती नंतर उन्हात ठेवूनही पुरी होत नाही. नख लावलं की ओरखडा उठतो, महिन्यानेही रेझिनमधल्या स्टायरीनचा वास येतो. अशा फायबरमध्ये गोडं पाणी लवकर शिरतं आणि तळाला फोड येतात. किलोला १० ग्रॅम, त्याच्या खाली जाऊ नका.

वेळ वाढवायचा तर कोबाल्ट कमी असलेलं रेझिन मागा. बरेच दुकानदार कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन बिनलेबलच्या कॅनमध्ये देतात आणि वर कोबाल्टची बाटलीही देतात. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घालतो, मग "डब्यात दगड झाला" म्हणून हार्डनरला शिव्या. रंग बघा. कोबाल्ट घातलेलं रेझिन बहुधा गुलाबी-जांभळट दिसतं. शंका असेल तर ५० ग्रॅमचा नमुना करून घड्याळ लावा.

काम पहाटे पाचला सुरू करा, नऊला बंद. अर्ध्या किलोच्या वर एका वेळी कालवू नका, आणि कालवलं की खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. होडीवर हिरवं नेट किंवा ताडपत्री हवीच. सकाळी गार असलेला फोम वर ऊन आलं की आतली हवा फुगवतो, आणि ओल्या मॅटखाली (काचतंतूंच्या चटईखाली) टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे उठतात. पारा उतरत असताना फायबर चढवलं तर फोम रेझिन आत ओढून घेतो.

अक्कलकोट_रोड
पहाटे पाचला मजूर कोण आणून देणार?

रेझिन_रोव्हिंग
मजूर मिळत नसेल तर संध्याकाळी सहानंतर करा. पण दुपारच्या सोयीसाठी अर्धवट पिकलेली होडी लोकांना देऊ नका. त्यात माणसं बसतात.

हिप्परगा
डेकचं राहिलंच. ४ चौरस मीटरचा डेक धरा. १२ मिमी प्लाय ३३ किलो. त्याच जाडीचा बाल्सा ७ किलो, ८० चा फोम ४ किलोच्या आत. दोन्हींच्या पृष्ठभागात रेझिन मुरतं, तेवढे चार-पाच किलो त्यात धरा. तरीही वीस किलो वाचतात.

माझं मत बाल्साला. उभ्या तंतूंचा १५० घनतेचा बाल्सा दाबाला ८० च्या फोमच्या कित्येक पट आहे आणि उन्हाने मऊ पडत नाही. मेमध्ये उजनी मायनसमध्ये (पाणी मृतसाठ्याखाली) गेली की होड्या गाळावर उघड्या पडून असतात. गडद निळा किंवा लाल डेक असेल तर तो सहज सत्तरच्या पुढे तापतो, आणि पीव्हीसी फोमची मर्यादा तिथेच आहे. वरचा थर फोमपासून सुटतो, चालताना पायाखाली टकटक वाजतं.

टेंभुर्णी_फायबर
बाल्सा? तोही लाकूडच. तो जाळीवर चिकटवलेल्या चौकोनांत येतो, ते वाकवले की मधल्या खाचा उघडतात. त्या रेझिनने भरल्या नाहीत तर एका स्क्रूतून शिरलेलं पाणी खाचांतून सगळ्या डेकभर फिरतं. रेलिंग, टपाचे खांब, क्लीट (दोर बांधायची खुंटी) यांना स्क्रू तर मारणारच. डेक पांढरा ठेवला की फोमची तक्रार उरत नाही.

हिप्परगा
खाचा उघड्या ठेवल्या तर फोममध्येही पाणी फिरतं, फक्त कुजत नाही. पांढऱ्या डेकचं बरोबर आहे, पण पर्यटकांच्या होड्यांना भडक रंग हवा असतो.

भीमाकाठ
रंग गडदच लागणार असेल तर पीईटी फोम आहे. उष्णता पीव्हीसीपेक्षा जास्त सोसतो. मात्र त्याच घनतेला कातर-ताकद (थर सरकू न देण्याची ताकद) कमी, म्हणून ८० ऐवजी १०० किंवा ११५ चा घ्या. मिळतो पुण्या-मुंबईहूनच, गाडीभाडं धरा.

डेकवर कोणताही फोम असो, वर किमान ४५० ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट, ६०० चं रोव्हिंग (विणलेलं काचकापड), पुन्हा ४५० ची मॅट, म्हणजे पावणेतीन मिमीच्या आसपास. याहून पातळ ठेवलं तर टाच दाबून खळगा पडतो. फोम बसवताना दर ५०-७५ मिमीवर ३ मिमीचं भोक पाडा, खालच्या ओल्या मॅटवर दाबा, वर वाळूची पोती ठेवा. प्रत्येक भोकातून रेझिनचा थेंब वर आला पाहिजे. जिथे आला नाही तिथे खाली हवा आहे. दुसऱ्या दिवशी रुपयाच्या नाण्याने वाजवत जा. खणखणीत आवाज बरोबर, बद्द आवाज आला तिथे पेन्सिलीने गोल करा आणि सुईने रेझिन भरा.

माढा_मिस्त्री
थर्माकोल चालतो का विचारणाऱ्यांसाठी : पॉलिएस्टर रेझिन लावलं की डोळ्यांदेखत विरघळतो. कोल्ड स्टोरेजचा पिवळा पीयू स्लॅब विरघळत नाही, स्ट्रिंगरच्या साच्याला चालेल. डेकला नको, पायाखाली त्याची भुकटी होते.

टेंभुर्णी_फायबर
मूळ पोस्ट बदलली. ट्रान्सम ७१० प्लायचा, बोल्टपाशी इपॉक्सी. स्ट्रिंगर फोमचे, भोकात पाइप. डेक ८० चा पीव्हीसी, पांढरा. बाल्सा मी घालणार नाही, त्यावर कितीही लिहा.

भीमाकाठ
ट्रान्समची वरची कड राहिली. मोटर जिथे टेकते तिथे प्लायची कड उघडी ठेवतात आणि वर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने मारतात. त्या कडेवर आधी दोन थर मॅट फिरवा. पट्टीच्या स्क्रूंनाही बोल्टसारखंच, आधी मोठं भोक, इपॉक्सी, मग स्क्रू.