मराठीतून ऑनलाइन क्वेकर उपासना गट सुरू करायचा आहे

यॉर्कशायरवासी:
नमस्कार. मी मूळची नाशिकची असून गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या येथील सभेला दर रविवारी जाते. या सभेत धर्मगुरू किंवा ठरलेली प्रार्थना नसते. सर्वजण तासभर शांत बसतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उभा राहून चार वाक्ये बोलतो. पुणे, नागपूर आणि न्यू जर्सी येथील काही परिचितांना अशी उपासना मराठीतून करण्याची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागते का, आणि प्रत्येकजण आपापल्या घरी बसलेला असताना ते मौन खरोखर सामुदायिक राहते का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

शांतिनिकेत:
ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझ्या मते सगळे त्यावरच अवलंबून आहे. आपल्याकडे अनेकांनी इगतपुरीला विपश्यनेचे शिबिर केलेले असते, त्यामुळे मौन म्हटले की ज्याने त्याने आपापली साधना करायची, अशीच समजूत असते. क्वेकर उपासनेत मात्र सर्वांनी मिळून वाट पाहायची असते आणि एखाद्याच्या तोंडून आलेले शब्द सर्वांसाठी आलेले आहेत, असे मानून ते ऐकायचे असतात. म्हणून नव्या व्यक्तीला पहिल्या दिवसापूर्वीच निवांतपणे सांगावे की कोणाच्या बोलण्याला उत्तर द्यायचे नाही, वाद घालायचा नाही आणि एकाचे बोलणे संपल्यावर ते मनात मुरेल इतका वेळ जाऊ द्यायचा. हे न सांगता आमच्या परिचयातील एका गटाने सुरुवात केली, तेव्हा एकाने बोलताच दुसऱ्याने लगेच त्यावर मत मांडले आणि पुढचा सगळा वेळ चर्चेतच गेला.

उपासना सांभाळण्यासाठी दोन व्यक्ती आधीच ठरवाव्यात. एकाने मौनात स्थिर बसावे, दुसऱ्याने दार सांभाळावे, म्हणजे उशिरा आलेल्यांना आत घ्यावे आणि कोणाचा माइक चुकून चालू राहिला तर तो बंद करावा. दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे दिली तर तिची उपासना होतच नाही. उपासनेच्या वेळी चॅट बंद ठेवावे. सभागृहात शेवटी हस्तांदोलन करतात. त्याऐवजी सर्वांनी माइक सुरू करून एकमेकांना नमस्कार करावा, म्हणजे शेवट सर्वांना एकदम कळतो.

वर्धा_निवासी:
परवानगीबाबत सांगायचे तर चार माणसांनी एकत्र मौन बसायला कोणाचीच परवानगी लागत नाही. तथापि गटाला क्वेकर म्हणवायचे असेल, तर एखाद्या प्रस्थापित सभेच्या छत्राखाली राहणे फार हिताचे आहे. मतभेद झाला, एखादा सदस्य मानसिक अडचणीत सापडला किंवा कोणी सदस्यत्व मागितले, तर विचारायला वडीलधारे कोणी असावे लागते. आपण ज्या सभेला जाता तिच्या क्लार्कशी, म्हणजे सभेचे कामकाज पाहणाऱ्या व्यक्तीशी, प्रथम बोलावे. शिवाय क्वेकरांच्या जागतिक सल्लागार समितीचा आशिया-पश्चिम प्रशांत विभाग आहे आणि भारत त्यातच येतो; त्यांनाही अवश्य लिहावे.

भारतात ही परंपरा नवी नाही, हेही नागपूरच्या मंडळींना सांगावे. मध्य प्रदेशात होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम)-इटारसी परिसरात क्वेकर मंडळी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. क्वेकर शिक्षिका मार्जरी साइक्स यांनी सेवाग्रामला नयी तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे काम केले आणि पुढे त्या होशंगाबादजवळच्या रसुलिया येथील केंद्रात राहिल्या. गांधीजी 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले असता बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर केंद्रात राहिले होते. त्याच वुडब्रुकने पुढे ऑनलाइन उपासनाही चालवली. अशा एखाद्या चालू ऑनलाइन क्वेकर उपासनेत आपल्या परिचितांनी आधी बसून पाहावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

आवाजाचा_अभ्यासक:
तांत्रिक बाजूने दोन गोष्टी. झूमच्या मोफत खात्यावर बैठक 40 मिनिटांनी बंद पडते, म्हणजे तासाभराची उपासना मध्येच तुटते. त्यामुळे सशुल्क खाते घ्यावे आणि त्याचा खर्च गटाने वाटून घ्यावा. दुसरे म्हणजे वेळ भारताच्या घड्याळाप्रमाणे निश्चित करावी, कारण ब्रिटन आणि अमेरिका वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात आणि तेही वेगवेगळ्या रविवारी. रविवारी संध्याकाळी सातची वेळ ठेवली, तर इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारचे दीड आणि उन्हाळ्यात अडीच वाजतात. न्यू जर्सीत अनुक्रमे सकाळचे साडेआठ आणि साडेनऊ.

कॅमेरा सर्वांनी चालू ठेवावा, असा नियम कृपया करू नये. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि मागे स्वयंपाक चालू आहे, त्यांना संकोच वाटतो आणि ते येणेच सोडतात.

शांतिनिकेत:
नियम नसावा, हे मान्य. पण सगळेच पडदे काळे असतील तर सोबत कोणी बसले आहे, ही जाणीवच राहत नाही. निदान सांभाळणाऱ्या दोघांचे चेहरे दिसावेत.

यॉर्कशायरवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या क्लार्कना याच आठवड्यात पत्र लिहिते. रविवारी सातची वेळ परिचितांना कळवते आणि दार सांभाळण्यासाठी पुण्याच्या मैत्रिणीला विचारते. तोपर्यंत आम्ही तिघीचौघी एखाद्या चालू ऑनलाइन उपासनेत बसू आणि त्यानंतरच मराठी गटाची पहिली तारीख ठरवू.