पंप राहू द्या, आधी व्हॉल्व्ह जुळवा

बॉयलरच्या गरम पाण्याने घर तापवणाऱ्या रेडिएटरांपैकी शेवटच्या बेडरूमचा रेडिएटर कोमटच राहतो, म्हणून पाणी फिरवणारा मोठा पंप बसवावा का, असं एकाने विचारलंय. माझं कळकळीचं सांगणं, एवढ्यात नको. मी नाशिकचा, निफाडकडे द्राक्षबाग आहे. आमच्याकडे रेडिएटर नसतात, पण मागच्या हिवाळ्यात लेकीकडे इंग्लंडात लीड्सला होतो, तिथे हेच दुखणं होतं. पाणी सोपी वाट धरतं. बागेत सबमेनजवळच्या (ओळींना पाणी पुरवणाऱ्या पाइपजवळच्या) ओळी चिंब आणि टोकाच्या वेली तहानलेल्या, तसाच बॉयलरजवळचा रेडिएटर गरम पाणी ओढून घेतो.

आधी रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढा. सिस्टिम गार असताना सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग सुरू करून कोणता रेडिएटर आधी तापतो तो क्रम लिहून ठेवा. रेडिएटरवरच्या थर्मोस्टॅटच्या विरुद्ध टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो, त्या रेडिएटरमधून किती पाणी जाईल ते तोच ठरवतो, सगळं काम त्याचंच. पहिल्या रेडिएटरचा तो बंद करून पाव फेरा उघडा, पुढच्यांचा थोडा थोडा जास्त, शेवटचा पूर्ण. लेकीच्या हॉलमध्ये पाव फेराही जास्त झाला, केसभर मागे घ्यावा लागला. दर वेळी पाणी स्थिरावू द्या, घाई केलीत की फसगत.

कंडेन्सिंग (धुरातली वाफ निववणारा) बॉयलर असेल तर रेडिएटरकडे येणाऱ्या आणि बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपच्या तापमानात साधारण 20 अंशांचा फरक ठेवा. परतीचं पाणी 55 अंशांच्या खाली आलं तरच धुरातली वाफ निवते आणि तिची उष्णता परत मिळते. गॅस वाचतो तो इथे.

जुना व्हॉल्व्ह मात्र हलक्या हाताने फिरवा, जोर लावला की दांड्यापाशी पाणी झिरपायला लागतं.